हसणाऱ्यांच्या दोन टोळ्या

युद्ध सुरू झाले म्हणजे माणसे हसावयाचे सोडून देतात, अशी आपली एक समजूत असते. इतिहासाची साक्ष मात्र अगदी उलट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत जगातील बहुतेक देशांत चित्रगृहे ओसंडून वाहत होती, आणि तेथे जमलेल्या माणसांतील पुष्कळशी माणसे हसण्यासाठीच जमलेली होती. त्या काळात निघालेल्या थोडक्या खर्चाच्या विनोदी बोलपटांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. अशा बोलपटांना कोणी कलाकृती म्हणत नाही, आणि त्यांचे इतिहासही फारसे लिहिले जात नाहीत. परंतु एखादा समाज संकटाच्या दिवसांत कोणाला हसतो व कोणाबरोबर हसतो, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

आपल्यापुढे दोन टोळ्या आहेत. एक न्यूयॉर्कच्या पूर्वभागातील गल्लीबोळांत वाढलेल्या उनाड पोरांची. आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगावयाचे तर पोट्ट्यांची. दुसरी टोळी दोघांचीच : पुण्याचे चिमणराव आणि त्यांचे दांडगे बंधू गुंड्याभाऊ. पहिल्या टोळीचे १९४० ते १९४५ या काळात बावीस बोलपट निघाले. दुसरीचे निघाले दोन. हा फरक का पडला, आणि त्यात आपण काय गमावले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा धागा पुण्याकोल्हापुरातून निघून शेवटी अकोल्याच्या एका वकिलापाशी येऊन पोहोचतो, म्हणून वऱ्हाडातील श्रोत्यांना त्यात विशेष गोडी वाटावी.

प्रथम न्यूयॉर्कची पोरे. १९३५ साली सिडनी किंग्जली या नाटककाराचे ‘डेड एंड’ नावाचे नाटक तेथील रंगभूमीवर आले. नदीकाठी श्रीमंतांची उंच घरे आणि त्यांच्या भिंतीला लागूनच गरिबांची खुराडी, असे त्याचे स्थळ होते. त्या खुराड्यांतील पोरे रस्त्यावर वाढतात, शिवीगाळ करतात, लहानसहान चोऱ्या करतात, आणि त्यांतील एखादा पुढे दरोडेखोर होतो. परिस्थितीच माणसाला घडविते अथवा बिघडविते, हा नाटकाचा रोख. १९३७ साली सॅम्युएल गोल्डविन याने त्याचा बोलपट केला, विल्यम वायलरने तो दिग्दर्शित केला आणि रंगभूमीवरील सहा मुलांना पडद्यावर आणले. मुले पडद्याबाहेरही तशीच द्वाड निघाली. गोल्डविनने त्यांचा करार वॉर्नर कंपनीला देऊन टाकला व तो मोकळा झाला.

येथपर्यंत ही सामाजिक दुःखाची कहाणी होती. ती हास्याची झाली ती मोनोग्राम नावाच्या एका लहान कंपनीत. तेथे सॅम कॅट्झमन या निर्मात्याने १९४० पासून ‘ईस्ट साइड किड्स’ या नावाने मालिका सुरू केली. लिओ गोर्सी हा टोळीचा म्होरक्या मग्ज, हंट्झ हॉल त्याचा बावळट जोडीदार, बॉबी जॉर्डन त्यातल्या त्यात सरळ मुलगा. मोठमोठे शब्द चुकीच्या जागी ठणकावून वापरावयाचे, ही गोर्सीची हातखंडा युक्ती. शाळेत न गेलेला मुलगा शिकलेल्यांच्या भाषेची अशी मोडतोड करू लागला की प्रेक्षागृह हसे. आणि त्या हसण्यात थोडा सूडही असे.

हे बोलपट इतके भराभर कसे निघत, ते समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत त्या वेळी एका तिकिटात दोन बोलपट दाखविण्याची चाल होती. पहिल्या, मोठ्या बोलपटाचे भाडे उत्पन्नाच्या टक्केवारीवर ठरे. दुसऱ्याचे ठरीव रकमेवर. म्हणजे दुसरा बोलपट कितीही चांगला झाला तरी मिळकत वाढावयाची नाही, आणि बेताचा झाला तरी ती बुडावयाची नाही. अशा व्यवहारात शहाणपण एकच : खर्च कमी ठेवणे. तेच नट, तीच गल्ली, तोच साचा, आणि आठवडाभरात काम उरकणे. कल्पना संपली तर बेला लुगोसीसारखा भयपटांतील नट बोलावून पोरांना एका पछाडलेल्या घरात सोडून द्यावयाचे. १९४१ साली तेही झाले. मालिकेचा प्रेक्षक आणि तिचे उत्पन्न दोन्ही आधीच ठरलेली होती. गरज होती ती फक्त पोरांची.

युद्ध आले तसे ते या पोरांच्या गल्लीतही आले. १९४२ सालच्या ‘लेट्स गेट टफ’ या बोलपटाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पोरांना सैन्यात जावयाचे असते. वय कमी म्हणून त्यांना परत पाठविले जाते. मग शत्रूला घरीच धडा शिकवू, असे म्हणून ती एका दुकानदारावर चाल करून जातात. तो जपानी आहे, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो मेलेला आढळतो, आणि मागाहून कळते की तो बिचारा चिनी होता. पोरे ओशाळतात, त्याच्या विधवेची क्षमा मागावयास जातात. क्षणभर वाटते, आता हा स्वस्त विनोदी बोलपट काही मोठे बोलणार. पण लगेच खरे जपानी हेर सापडतात, मारामारी होते आणि सर्व संशय जणू योग्यच होता असा शेवट होतो. याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या हुकुमाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडून तारेच्या कुंपणाआड जावे लागले. त्याबद्दल अमेरिकेच्या सरकारने क्षमा मागितली ती १९८८ साली. पोरांनी पडद्यावर मागितलेली क्षमा सरकारच्या शेहेचाळीस वर्षे आधीची होती. ती पुरती टिकली नाही, एवढेच.

टोळीत अर्नेस्ट मॉरिसन नावाचा एक निग्रोवंशीय मुलगाही होता. वर्णभेद उघडपणे पाळणाऱ्या त्या काळात तो इतरांबरोबर एकाच फुटपाथावर बसे, खाई, मार खाई. मात्र भुताला भिऊन डोळे पांढरे करावयाचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येई. बरोबरीने बसवावयाचे, आणि हसावयाची वेळ आली की त्याच्याकडे बोट करावयाचे, अशी ही अर्धवट उदारता होती. पण रस्ता पडद्यावर आला की रस्त्यावरची सगळी माणसे थोडीफार येतातच, हेही त्यातून दिसते.

आता आपण आपल्या घराकडे वळू. आणि ‘घर’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. मराठीतील विनोदी जोडगोळीचा जन्म वऱ्हाडात झाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरास जन्मले. १८९७ साली ते कायद्याची परीक्षा उतरले आणि पुढे त्यांनी अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली केली. कोर्टात खऱ्याचे खोटे व खोट्याचे खरे होताना रोज पाहणाऱ्या माणसाने आपला पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’ या विषयावर लिहावा, यात नवल नाही. १९०२ साली तो ‘विविधज्ञानविस्तारा’त आला. पुढे अशा लेखांचा ‘सुदाम्याचे पोहे’ हा संग्रह १९१० साली निघाला. त्यात गोष्ट सांगणारा सुदामा आणि त्याचे दोन मित्र, बंडूनाना व पांडूतात्या, असे त्रिकूट आहे. जुन्या रूढी, खुळ्या समजुती, सण, लग्नकार्य, सभासंमेलने यांची या तिघांनी जी टर उडविली, तिने मराठी विनोदाला प्रथमच कायमची माणसे दिली. एकदा ओळख झालेली पात्रे पुन्हा पुन्हा भेटावीत आणि त्या भेटीतच अर्धे हसू असावे, ही मालिकेची मूळ कल्पना आपल्याकडे कापसाच्या मुलखातल्या एका वकिलाच्या बैठकीतून निघाली.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने ती पुढे नेली. त्यांचे ‘ठकीचे लग्न’ म्हणजे रूपाने बेताच्या मुलीला स्थळ मिळविण्याची कथा. हसता हसता घशाशी काही अडकावे, अशी. त्यानंतर आले चिंतामण विनायक जोशी. पालीचे पंडित, बडोद्यास अध्यापक, नंतर तेथील संस्थानी दफ्तराचे अधिकारी. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हे त्यांचे पुस्तक १९३२ साली आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. चिमणराव भित्रे, सज्जन, पगारावर जगणारे. गुंड्याभाऊ आडदांड, सडेतोड, हातात सोटा. एकाला व्यवहार कळत नाही आणि दुसऱ्याला संकोच कळत नाही. मध्यमवर्गाच्या मनातील दोन अर्धी माणसे जोशांनी वेगळी काढली व त्यांना एका घरात राहावयास लावले.

ही जोडी पडद्यावर आणली मास्टर विनायक यांनी. १९३६ साली बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांच्याबरोबर त्यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढली होती. त्यांच्या अनेक बोलपटांच्या कथा वि. स. खांडेकरांच्या, आणि खांडेकर हेही कोल्हटकरांनाच आपले गुरू मानीत. आचार्य अत्र्यांच्या कथांवरील ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली व ‘ब्रँडीची बाटली’ १९३९ साली गाजून गेले होते. मग ‘नवयुग’ या नव्या कंपनीतर्फे १९४० साली ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ हे चि. वि. जोशांच्या कथांवरील बोलपट आले. चिमणराव झाले दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दामूअण्णांचा डोळा तिरळा होता. दुसऱ्या नटाचे ज्याने नुकसान झाले असते, तेच त्यांनी आपले भांडवल केले : चिमणराव एकाकडे पाहून बोलत आहेत की दुसऱ्याकडे, याचा प्रेक्षकाला पत्ता लागू नये, आणि त्यांनाही तो लागलेला नाही असे वाटावे! अशा कथेला राजवाडे लागत नाहीत, फौज लागत नाही. ओटी, माजघर आणि चार जातिवंत नट एवढ्यावर तिचे भागते.

पण तो काळ हसण्याचा होता काय? लोकांना न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला गेला म्हणून १९३९ च्या नोव्हेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडातील लोकनियुक्त मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. १९४१ साली जपानशी व्यापार तुटला आणि आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. त्याचा घाव अमरावती-अकोल्याच्या बाजारावर सरळ बसला. १९४२ च्या ऑगस्टात चांदा जिल्ह्यात चिमूर, वर्धा जिल्ह्यात आष्टी आणि अमरावतीजवळ यावली येथे रक्त सांडले. तुकडोजी महाराज तुरुंगात गेले. पुढे कापडाला व धान्याला नियंत्रण आले. वऱ्हाडी मनुष्य कापूस पिकवून कापडासाठी रांगेत उभा राहिला.

अशा त्या दिवसांत पुण्याकोल्हापूरच्या बोलपटाचे डबे वऱ्हाडात यावयाचे ते रेल्वेने, भुसावळवरून अकोल्यास व बडनेऱ्यास, आणि तेथून फाट्यावरून अमरावतीस. चित्रपटांच्या व्यापारात हा मुलूख मुंबई इलाख्याहून निराळा, ‘सी. पी. बेरार’ या नावाचा विभाग होता. भाषा मराठी असली तरी हिशेब वेगळा. एवढा प्रवास करून आलेल्या या बोलपटांत युद्ध मध्यवर्ती नव्हते. स्थळे पाहणे होते, मानपान होता, नातेवाईक होते. अमेरिकन पोरे बंदूक मागत होती. चिमणरावांना कोणत्याही बंदुकीशी कर्तव्य नव्हते. ज्या युद्धासाठी आपली संमती कोणी विचारली नाही, त्याचा उत्साह पडद्यावर न दाखविणे हीही एक भूमिका होती. मग ती जाणून घेतलेली असो वा नसो.

मग मालिका दोहोंवरच का थांबली? पहिले कारण कच्च्या फिल्मचे. ती सर्व परदेशातून येई, आणि जहाजांत जागा नव्हती. १९४२ साली सरकारने बोलपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली. मिनिटाला ९० फूट धरले तर हे दोन तासांहून थोडे अधिक होते. त्याआधी याहून कितीतरी लांब बोलपट सर्रास निघत. १९४३ च्या जुलैपासून फिल्म परवान्याशिवाय मिळेनाशी झाली, आणि त्याच वर्षी प्रत्येक खेळात २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य प्रचारपट दाखविण्याची सक्ती झाली. म्हणजे चिमणरावांचे हसू पाहावयास आलेल्या माणसाला आधी वीसबावीस मिनिटे युद्ध पाहावे लागणार! हे नियंत्रण उठले १९४५ च्या अखेरीस.

दुसरे कारण हिशेबाचे. परवाना मोजकाच असेल तर निर्माता तो साऱ्या देशात चालणाऱ्या हिंदी बोलपटासाठी वापरील, की मराठी मुलखापुरत्या एका विनोदी कथेसाठी? अमेरिकेतील दुसऱ्या बोलपटाला उत्पन्न थोडे असले तरी निश्चित होते. मराठी बोलपट मात्र दरवेळी एकटा बाजारात उतरे. त्याच्यामागे मोठ्या बोलपटाचा आधार नव्हता. थोडक्या खर्चाची मालिका चालावयास थोडा खर्च पुरत नाही. तिला खात्रीचा बाजार लागतो. तो आपल्यापाशी नव्हता.

विनायकांच्या आयुष्यातच याचा दाखला सापडतो. ‘नवयुग’ सोडून त्यांनी १९४३ साली प्रफुल्ल पिक्चर्स काढली. ‘माझे बाळ’ सारखे मराठी बोलपट केले. पण सरकारने परवान्याच्या बदल्यात युद्धप्रयत्नाला साहाय्य करणारे बोलपट मागावयास सुरुवात केली होती, आणि १९४५ साली विनायकांचा ‘बडी माँ’ आला : हिंदीत, नूरजहानला घेऊन, युद्धाच्या विषयावर. पितृछत्र हरपलेली लहानगी लता मंगेशकरही त्यात आहे. चिमणरावांच्या दिग्दर्शकालाही अखेरीस युद्धाने आपल्या कामाला लावले. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला चारच दिवस झाले असताना, विनायक वारले.

तथापि फिल्म आणि पैसा यांनी सारे कोडे सुटत नाही. सुटत नाही ते हे, की हसू आले तरी ते घरातच का राहिले? कोल्हटकरांचे त्रिकूट शिकलेले, गडकऱ्यांची ठकी ब्राह्मणी घरातली, चिमणराव कचेरीतले. तिघांनीही आपल्याच वर्गाला निर्दयपणे हसून घेतले, आणि हा मोठेपणा लहान नव्हे. जो स्वतःला हसतो त्याला सुधारावयास जागा राहते. बालविवाह, हुंडा, सोवळेओवळे यांची पकड सैल करण्यात या हसण्याचा वाटा आहे. पण घराच्या उंबऱ्यापलीकडे, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर खेळणारा, बडनेऱ्याच्या फलाटावर हमाली करणारा, टुरिंग टॉकीजच्या तंबूच्या कनातीखालून आत शिरणारा पोट्टा या विनोदाचा नायक झाला नाही. त्याच्या तोंडची वऱ्हाडी बोली पडद्यावर बहुधा गड्याच्या वाट्याला आली, आणि तीही हसे करून घेण्यासाठी. न्यूयॉर्कची मालिका ओबडधोबड होती, कित्येकदा अन्यायीही होती. परंतु रस्त्यावरच्या पोराचे चुकलेले शब्दच तेथे कथेचे वैभव होते. आपल्याकडे चुकीचे बोलणारा हास्यास्पद. तिकडे चुकीचे बोलणारा म्होरक्या.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कची पोरे १९४६ पासून ‘बॉवरी बॉईज’ या नव्या नावाने आणखी अठ्ठेचाळीस बोलपटांत आली. १९५८ साली मालिका संपली तेव्हा ही ‘पोरे’ चाळिशीच्या घरात पोहोचली होती. चिमणराव-गुंड्याभाऊंना दुसरा जन्म मिळाला तो मुंबई दूरदर्शनवर, १९७० नंतरच्या दशकात. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ते घराघरांत नेले. ज्या मालिकेला चित्रगृहाचा बाजार लाभला नव्हता, तिला दिवाणखान्यातला लाभला; आणि घरातले हे हसू घरात बसूनच पाहिले गेले, यात एक औचित्यही आहे.

आणि पोट्टे? त्यांना २०२२ सालापर्यंत थांबावे लागले. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्तीतील मुले, त्यांतील पुष्कळशी नट नसलेली, आपल्याच चालीने व आपल्याच बोलीच्या ठसक्याने पडद्यावर आली. ती हसविणारी होती, पण हास्यास्पद नव्हती. तो चित्रपट मात्र हिंदी होता. वऱ्हाडातल्या एका वकिलाने मराठीला विनोदाची पहिली मंडळी दिली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या मंडळींच्या बैठकीत रस्त्यावरच्या पोराला, त्याच्या स्वतःच्या भाषेत, म्होरक्याची जागा मिळणे अजून राहिले आहे. ते काम महागड्या चित्रपटाचे नव्हे. थोड्या खर्चाचेच आहे.